दिब्रुगडला जाताना घड्याळ राहूपासून लावा

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून आसामातल्या दिब्रुगडचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे २३७० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगानं धरलं तर तीन तास. जावयाची तिकडं बदली झाली तेव्हा घरात प्रत्येकाच्या तोंडी हाच हिशेब होता. सकाळी आमच्या राहू गावातून निघायचं, संध्याकाळचा चहा लेकीकडं. पोचलो दुसऱ्या दिवशी.

थेट विमान नव्हतं. तिकीट काढून देणाऱ्यानं स्वस्त पडतात म्हणून दिल्लीमार्गे दोन सुटी तिकिटं काढली. डिसेंबर होता. दिल्लीत धुकं, त्यामुळं पुण्यातूनच विमान उशिरा सुटलं आणि आम्ही उतरेपर्यंत पुढचं निघून गेलं होतं. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असते तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीला भाग होतं. तिकिटं सुटी, त्यामुळं एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पैसे बुडाले, नवं तिकीट चढ्या भावानं घ्यावं लागलं. लेकीचे दिवस भरत आलेले आणि तिची आई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून रात्रभर विमानतळाच्या खुर्चीत जागी. ते बघवत नव्हतं. आपल्या भागातल्या दुसऱ्या कुणा आईवर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहितोय.

तिकिटाआधी नकाशा बघा. दिल्लीमार्गे गेलं की हवाई अंतर २९०० च्या पुढं जातं. कोलकाता मात्र जवळजवळ वाटेवरच आहे, तिकडून जेमतेम ५०-६० किलोमीटर वाढतात. कोलकात्याला टर्मिनलही एकच. दिल्लीत ते बदलावं लागलं तर सामानासकट धावपळ होते. हजार-दोन हजार जास्त गेले तरी कोलकातामार्गे आणि एकाच पीएनआरवर जा.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. दिब्रुगड आपल्यापेक्षा २१ अंश पूर्वेला, पण घड्याळ देशभर एकच. सूर्य तिथं आपल्यापेक्षा सव्वा तासाहून जास्त पुढं असतो. डिसेंबरात साडेचारलाच दिवेलागण होते. तीनला उतरून सामान घेऊन बाहेर यावं, तर पुढचा रस्ता अंधारातच. ब्रह्मपुत्रेवरचा ४.९४ किलोमीटरचा बोगीबील पूल २५ डिसेंबर २०१८ पासून सुरू आहे, त्यामुळं उत्तर तीरावर जायला आता नावेची वाट बघावी लागत नाही. तरी दुपारच्या आत उतरणारं विमानच धरा. पुढं अरुणाचलात जायचं असेल तर इनर लाइन परमिट निघण्याआधीच काढून ठेवा.

आणि आपल्याकडचा रस्ता! दिल्लीचं धुकं आणि आपला गाळप हंगाम एकाच वेळी येतात. राहूहून केसनंदच्या रस्त्याला लागलं की पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि वाघोलीत गाड्यांची रांग. विमानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो, तो ट्रॅक्टरसाठी थांबत नाही. पहाटेचं विमान असेल तर मध्यरात्रीच निघा.

बाळंतिणीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधू नका. तेलामुळं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात. लाडू चालतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका.

परतीला हिवाळ्यात विमान जास्त वेळ घेतं, कारण वरचं जोरदार वारं पश्चिमेकडून वाहतं आणि येताना ते समोरून लागतं. रात्री लोहगावला उतरल्यावर राहूची एसटी मिळायची नाही, गाडी आधीच सांगून ठेवा.