दिनविशेष १ ऑगस्ट : एक पुण्यतिथी, एक जयंती आणि आपला हजेरीपट



१ ऑगस्टला आपल्याकडे बहुतेक शाळांत एकाच टेबलावर दोन प्रतिमा असतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती. हार घातले जातात, मुलांची चार-पाच भाषणं होतात. टिळकांवरच्या भाषणात शेंगांची टरफलं येतात, अण्णाभाऊंवरच्या भाषणात दीड दिवसाची शाळा येते. टाळ्या होतात आणि मुलं वर्गात जातात. पण या दोघांचं वर्षही एकच आहे, १९२०, हे किती मुलांच्या लक्षात येतं? ज्या दिवशी टिळक गेले, त्याच दिवशी अण्णाभाऊ जन्मले. म्हणून हा दिवस जरा वेगळ्या पद्धतीने घेऊन बघूया. आधी परिपाठासाठी यादी देते, मग या दोघांबद्दल आणि शेवटी वर्गात काय घेता येईल ते.

महत्त्वाच्या घटना

१७७४ : जोसेफ प्रिस्टले यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे ऑक्साइड तापवले आणि ऑक्सिजन वायू वेगळा मिळवला.
१८३४ : ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. कॅरिबियन बेटांवर आजही हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात.
१९१४ : जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले.
१९२० : महात्मा गांधींनी असहकार चळवळ सुरू केली. 'कैसर-ए-हिंद' हे पदक त्यांनी व्हाइसरॉयना परत केले.
१९४४ : ॲन फ्रँकच्या डायरीतली शेवटची नोंद. तीनच दिवसांनी तिला अटक झाली.
महाराष्ट्रात हा महसूल दिन. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते.

जन्म

१७४४ : जीवशास्त्रज्ञ लामार्क.
१८१८ : मारिया मिचेल, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. १८४७ मध्ये त्यांनी दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधला.
१८९९ : कमला नेहरू.
१९२० : अण्णाभाऊ साठे.

मृत्यू

१९२० : लोकमान्य टिळक.
१९९९ : लेखक नीरद चौधरी.

टिळक : आधी शिक्षक

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. स्वातंत्र्यलढ्यातले टिळक मुलांना माहीत असतात, पण ते आपल्याच पेशातले होते हे सांगायचं राहून जातं. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्यांत ते होते. गणित हा त्यांचा आवडीचा विषय. पुढे १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रं १८८१ ची. १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून झालं. देश जागा करायचा तर शाळा हवी आणि छापलेला शब्द हवा, हे त्यांनी कामातून दाखवलं. मुंबईत सरदारगृहात त्यांचं निधन झालं आणि गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी लोटलेल्या गर्दीत गांधीजीही होते.

अण्णाभाऊ : शाळेबाहेरचे लेखक

त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी मातंग समाजातल्या एका गरीब घरात तुकाराम भाऊराव साठे हा मुलगा जन्मला. शाळा त्याच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली असं सांगितलं जातं. तिथली वागणूक त्याला सोसली नाही. पुढे हे कुटुंब वाटेगावहून चालत मुंबईला आलं. मिळेल ते काम, मग गिरणी, मग कामगार चळवळ. अक्षरओळख पक्की झाली ती दुकानांच्या पाट्या आणि पोस्टरं वाचत. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची शाहिरी गाजली. 'फकिरा' या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. १८ जुलै १९६९ ला ते गेले.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. एकाने शाळा काढली. दुसऱ्याला शाळेत टिकताच आलं नाही. १९२० मध्ये पुण्यात कॉलेजं होती, पण वाटेगावच्या त्या मुलापर्यंत शाळा खऱ्या अर्थाने पोहोचली नव्हती. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. देशभरातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांना तो हक्क कायद्याने मिळाला २०१० मध्ये. मधल्या काळात शाळेबाहेर राहिलेली सगळीच मुलं काही अण्णाभाऊ झाली नाहीत. म्हणून 'दीड दिवस शाळेत गेले तरी एवढे मोठे झाले' हे वाक्य मुलांपुढे जपून बोलावं. त्यात कौतुक अण्णाभाऊंच्या जिद्दीचं आहे. शाळा मात्र त्यात नापास झाली आहे, हेही मुलांना कळू द्यावं.

वर्गात काय घ्याल?

१. वय काढा : टिळक ६४ वर्षं जगले. अण्णाभाऊंच्या ४९ व्या वाढदिवसाला १४ दिवस बाकी होते. ही वजाबाकी मुलांकडून करून घ्या.
२. नकाशा : रत्नागिरी, पुणे, मंडाले, वाटेगाव, मुंबई शोधा. वाटेगाव ते मुंबई चालत जायचं तर वाटेत काय काय लागेल?
३. योगायोग की संबंध? असहकाराची तारीख आधीच जाहीर झाली होती, टिळकांचं निधन नेमकं त्या दिवशी झालं. एका तारखेला घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, हे मुलं इथे छान शिकतात.
४. घरचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारा, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात? शाळा का सुटली? पालकहो, हे उत्तर लाजून टाळू नका. तुमच्या घराचा इतिहास मुलाला तिथेच सापडेल.

आणि एक काम आपलं, शिक्षकांचं. भाषणं झाली की वर्गात येऊन हजेरीपट उघडा. आठ-दहा दिवस कोण आलेलं नाही? कोणाचे आईवडील कामासाठी दुसरीकडे गेलेत? कोणाला वर्गात कोणी काही बोललंय का? त्या एका मुलाच्या घरी आज संध्याकाळी जाऊन या. दोन्ही प्रतिमांना घातलेल्या हारांचं त्यात चीज होईल.