मिश्री दात राखत नाही

पाड्यावर एखाद्या लेकराची दाढ ठणकू लागली की आजी कनवटीची डबी उघडते आणि चिमूटभर मिश्री दाढेवर दाबते. जरा वेळाने पोर झोपी जाते. आजीची माया खरीच असते. तिच्या आईनेही तिला तेच केले होते. म्हणून आपण कार्यकर्त्यांनी हा पाठ रागावून नव्हे, शेजारी बसून समजावून द्यायला हवा.

मिश्री म्हणजे काय?
तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती लावल्यावर ठणका कमी भासतो, पण कीड आत वाढतच राहते. दुखणे झाकले जाते आणि दात वाचवण्याची वेळ निघून जाते. शिवाय सवय जडते. आधी सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" असे म्हणण्यापर्यंत पाळी येते. मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते.

दात किडतो कसा?
दातात अळी नसते. गोड खाल्ले की तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजवते. आता बिस्किटाचे पुडे आणि गोळ्या प्रत्येक पाड्यावर पोचल्या आहेत. गोड द्यायचेच तर जेवणासोबत द्यावे, दिवसभर चघळायला देऊ नये. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री दात घासून झोपणे सर्वांत महत्त्वाचे.

सहाव्या वर्षाची दाढ
दुधाचे दात 20, कायमचे 32. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. "किडली तर किडली, पडून दुसरी येईल," असे ते म्हणतात. दुसरी येत नाही. ती जन्मभराची दाढ आहे.

रोज काय करावे?
सकाळी आणि रात्री दोन मिनिटे मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्ट थुंकायला शिकवावे. ब्रश नसेल तर कडुनिंबाची, करंजाची किंवा बाभळीची काडी चावून मऊ करून हलक्या हाताने फिरवावी. कोळसा, राख, वाळू, विटेची पूड नको. त्याने दात झिजतात. वसतिगृहात प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा असावा.

दाढ दुखली तर?
कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी आणि दंतवैद्याला दाखवावे. दुखऱ्या जागी तंबाखू किंवा गोळी दाबून ठेवू नये. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली, किंवा तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, तर मोठ्या माणसांनीही लगेच तपासून घ्यावे.

पुढच्या भेटीत विचारा
1. घरात मिश्री कोण लावते, दिवसातून किती वेळा?
2. मुले रात्री दात घासतात का?
3. सहा वर्षांवरील मुलांची मागची दाढ पाहिली का? तिच्यावर काळा डाग आहे का?

मिश्री सोडू इच्छिणाऱ्यांना 1800112356 हा सरकारी मोफत क्रमांक द्यावा. आणि आजीला एवढेच सांगावे, "आजी, ठणका थांबला, पण कीड नाही थांबली. उद्या नातवाला घेऊन आपण दवाखान्यात जाऊ." सोबत आपण स्वतः जावे.