आधी हात आवर, मग आल्बम उघड

अरे, दादाची तिकिटं तुझ्याकडे आली हे बरंच झालं. वहिनी फोनवर म्हणत होती की दोन ट्रंका, आल्बम, बुटांची खोकी असं सगळं डोंबिवलीला तुझ्या हॉलमध्ये पसरलंय आणि रविवारी तू ते 'नीट लावायला' बसणार आहेस. तेवढं करू नकोस. निदान वर्षभर तरी नको. कसर कागद खाते, बुरशी डाग पाडते, ओल डिंक चिकटवते, हे सगळं खरं. पण वारशाने आलेल्या संग्रहाची जास्तीत जास्त नासाडी नव्या मालकाच्या उत्साहाने होते. त्यामुळे आत्याचं पहिलं सांगणं असं की, जे केल्यावर परत मागे घेता येत नाही ते आत्ता करायचं नाही. कापायचं नाही, भिजवायचं नाही, सोलायचं नाही, चिकटवायचं नाही. बाकी करण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी मोबाइल घे आणि प्रत्येक पानाचा फोटो काढ, पानं आहेत त्याच क्रमाने. खोक्यातल्या पाकिटांचेही काढ, वरची वर, खालची खाली. तुला वाटेल, एकाच राणीची अर्ध्या आण्याची दहा तिकिटं, एक ठेवू आणि नऊ वाटून टाकू. दादाने ती दहा उगाच लावलेली नाहीत. एकाच्या कागदात उजेडापुढे धरल्यावर हत्तीचं डोकं दिसतं, दुसऱ्याच्या कागदात तारा. म्हणजे छपाईची वर्षं निराळी. पुढे जॉर्ज राजांच्या तिकिटांत एक तारा आणि अनेक तारे असा फरक येतो. कुठे दात्यांची संख्या वेगळी असते. दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते बसतात ते मोजायची पट्टी मिळते, ती त्याच्या सामानात नक्की सापडेल. पानाच्या कडेला पेन्सिलने लिहिलेले आकडे आणि खुणा खोडू नकोस. आपल्याला आज कळत नसल्या तरी त्या त्याच्या अभ्यासाच्या वह्या आहेत. एकदा तिकिटं नव्या आल्बममध्ये हलवली आणि जुनी पानं रद्दीत गेली की ते ज्ञानही रद्दीत गेलं.

दाते नसलेलं तिकीट दिसलं तर कात्री लांब ठेव. आपल्याकडची सुरुवातीची तिकिटं, 1852 सालचा सिंधमधला सिंद डाक आणि 1854 ची कलकत्त्याला छापलेली अखिल भारतीय तिकिटं, बिनदात्यांचीच होती. पोस्टातले लोक ती कात्रीने कापून देत. चारी बाजूंना किती कोरा कागद उरलाय यावर त्यांचं मोल ठरतं. वाकडी कड सरळ करायला गेलास तर मोल केराच्या टोपलीत.

तीच गोष्ट पाकिटांची. तिकीट लावलेलं पाकीट म्हणजे नुसतं तिकीट नव्हे. कुठून निघालं, कुठे पोचलं, कोणत्या तारखेचा शिक्का, दुसऱ्या महायुद्धातलं असेल तर सेन्सॉरची पट्टी, हे सगळं त्या कागदावरच राहतं. मडगावच्या मावशीची पत्रं त्याच्याकडे होती, ती बघ. 1961 च्या डिसेंबरपर्यंत गोव्यात पोर्तुगीज भारताची स्वतंत्र तिकिटं चालत. 1871 पासून ती निघत होती. आधी किंमत रेइसमध्ये, मग टांगा आणि रुपियात, आणि 1959 पासून एस्कुदो-सेंतावोमध्ये. कापून घेतलेलं तसलं तिकीट बाजारात सहज मिळतं. शिक्क्यासकट, पत्त्यासकट, आतल्या पत्रासकट राहिलेलं पाकीट सहज मिळत नाही. म्हणून पाकिटं जशी आहेत तशी ठेव. आतलं पत्र काढून वेगळं ठेवलंस तर दोन्हींवर मऊ पेन्सिलने हलका सारखाच नंबर घाल. बॉलपेन नको.

आता पावसाळा. यावर जरा सविस्तर बोलते, कारण डोंबिवलीत राहून तिकिटं सांभाळायची तर अर्धी लढाई जून ते सप्टेंबरमधलीच आहे. न वापरलेल्या तिकिटाच्या पाठीला डिंक असतो. हवेत ओल वाढली की तो जागा होतो, मागच्या कागदाला धरतो आणि मग सुटत नाही. बुरशीही त्याच ओलीवर वाढते. दात्यांच्या टोकांवर आणि पाठीवर बदामी ठिपके दिसले की समजायचं. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असली तर तिकिटं सुखात राहतात, आणि आपल्या जुलैत ती ऐंशीच्या वर सहज जाते. एक साधा आर्द्रतामापक घे आणि कपाटातच ठेव. खोलीतला आकडा आणि कपाटातला आकडा यांत किती फरक असतो ते बघून तुला नवल वाटेल.

जागा कुठली? माळा नको, उन्हाळ्यात तापतो आणि पावसात गळतो. पलंगाखाली नको. बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावलेलं कपाट नको. स्वयंपाकघराच्या शेजारी तर नकोच, कुकरची वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर कुठेही पोचतो. आतल्या भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवलेलं लोखंडी कपाट, त्याचा मधला खण. आल्बम आडवे एकावर एक रचू नकोस. वजनाने पानं दाबली जातात आणि डिंक लवकर धरतो. फडताळात पुस्तकं लावतो तसे उभे ठेव आणि हात सहज जाईल इतके सैल.

सिलिका जेलच्या पुड्या आण, पण तिकिटांना चिकटून ठेवू नकोस. रंग बदलणारे खडे घेतलेस तर ओल भरली की रंगावरून कळतं. मग ते तापवून पुन्हा वापरता येतात, फक्त त्यासाठी वेगळं भांडं ठेव. निळ्या खड्यांत कोबाल्टचं मीठ असतं, त्यामुळे रोजच्या तव्यावर ते नकोत. खूप जास्त पुड्या घालून कपाटाचं वाळवंटही करायचं नाही. डिंक फार सुकला की आकसतो आणि तिकीट वळतं, कधी तडकतं. आणि ऐन पावसात आल्बम प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बंद करायचा, हे शहाणपण शेजारी कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि करू नकोस. आतली ओल आतच कोंडते.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आल्बम बाहेर काढ. पानं पंख्याखाली उलटून वारं लागू दे. ऊन मात्र दाखवायचं नाही. उन्हात लाल रंग विटतो, कागद पिवळा पडतो. याच कारणासाठी आवडलेलं पान फ्रेम करून दिवाणखान्यात टांगायचं नाही. टांगायचंच असेल तर फोटोची प्रत टांग. आणि दसऱ्याला पुस्तकांची पूजा करताना आल्बमही पाटावर ठेव, हवं तर फूल वाहा, पण हळद-कुंकू त्याच्यापासून हातभर लांब. कुंकवाचा एक कण ओलसर पानावर पडला की पुढच्या पिढीलाही तो दिसतो.

डांबरगोळ्या कपाटात टाकू नकोस. त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. कडुनिंबाचा पाला धान्यात आणि कपड्यांत ठीक आहे. कागदावर डाग पाडतो. कसर आणि झुरळं खळीवर आणि डिंकावर जगतात, त्यांना ओल आणि अंधारी अडगळ लागते. कपाटातून जुनी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठे काढून टाक, खण कोरडा पुसून घे, महिन्यातून एकदा दार उघडून टॉर्चने बघ. एवढं पुरतं.

सामान विकत घेताना वासावर जा. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे, दुकानात परत ठेव. त्यातून सुटणारे पदार्थ तिकिटाची शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्ट्या असलेलं, आम्लमुक्त कागदाचं स्टॉकबुक घे. चिकट पानांचे फोटो-आल्बम एकेकाळी घरोघर होते, त्यांत तिकीट ठेवणं म्हणजे ते गमावणं. सेलोटेप, स्टेपलरची पिन, लॅमिनेशन, तिन्ही वर्ज्य. दादाच्या गठ्ठ्यांना रबरबँड असतील तेवढे मात्र आजच काढ, त्याला वर्षभर थांबायची गरज नाही. रबरातलं गंधक पिवळी-नारिंगी तिकिटं काळवंडवतं, आणि वितळलेलं रबर कागदावरून निघत नाही. कुठे सेलोटेप लावलेली दिसली तर ओढू नकोस. तिकिटांमागे चिकटवलेले छोटे हिंज, म्हणजे तिकीट पानाला धरून ठेवणारे कागदी तुकडे, तेही तसेच असू देत. त्या काळी सगळे तेच वापरत आणि काढायला गेलं की तिकिटाची पाठ सोलते.

तिकीट बोटांनी उचलायचं नाही. हात धुतलेले असले तरी आपल्या हवेत घाम असतोच. चपट्या, गोल टोकाचा तिकिटांचा चिमटा मिळतो. भुवयांचा चिमटा चालणार नाही, त्याची टोकं कागद भोसकतात. पंखा बंद करून बस. उडालेलं तिकीट सोफ्याखाली शोधण्यात संध्याकाळ जाते.

भिजवायचं शिकायचंच असेल तर गेल्या दहा-वीस वर्षांतल्या, बुटांच्या खोक्यातल्या साध्या वापरलेल्या तिकिटांवर शीक. आल्बमला हात नाही. पाकिटाचा तुकडा तिकिटाभोवती चांगली जागा सोडून काप, साध्या पाण्यात पसरट ताटलीत तरंगू दे, तिकीट आपोआप सुटेपर्यंत थांब. ओढू नकोस, ओला कागद पिठासारखा फाटतो. पाठीवरचा उरलेला डिंक बोटाने हळूच पुसून घे, टिपकागदावर पालथं ठेव, जरा सुकलं की दोन टिपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाब. लग्नपत्रिकांची लाल-पिवळी पाकिटं निराळ्या ताटलीत, त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि सगळ्या तिकिटांना हळद लागते. जांभळ्या शाईचे शिक्केही पसरतात. पाण्यात न घालायची मोठी जात म्हणजे संस्थानांची जुनी तिकिटं. कित्येक संस्थानांनी ती स्वतःच्या छापखान्यात मिळेल त्या शाईने छापली. जम्मू-काश्मीरच्या सुरुवातीच्या तिकिटांत तर चक्क जलरंग वापरलेत. पाण्यात घातलं की हातात कोरा कागद येतो. तेव्हा संस्थानी दिसलं की ताटली बाजूला सार. हैदराबादच्या जुन्या तिकिटांवर भिंग धर, त्यांवर मराठी अक्षरं सापडतील; दादाला त्याचं फार कौतुक होतं.

मिंट, म्हणजे न वापरलेली, तिकिटं पानाला किंवा एकमेकांना चिकटलेली निघाली तर सुरी सरकवू नकोस. झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर तिकीट, झाकण लावायचं आणि अधूनमधून बघत राहायचं. दमट हवेने डिंक सैल झाला की चिमट्याने हलकेच सोडवायचं. यात डिंकाची मूळ चकाकी जाते, म्हणून हेही साध्याच तिकिटांवर. ठिपके पडलेली पानं निरोगी पानांपासून लगेच वेगळी ठेव; ब्लीच आणि घरगुती रसायनं यांच्या वाटेला जाऊ नकोस.

किमतीचं तुझ्या मनात आहेच, वहिनीने तेही सांगितलं. कॅटलॉगमध्ये छापलेली किंमत ही निर्दोष तिकिटाची असते, आणि दुकानदार ती देत नाही. पुष्कळदा अर्धीही देत नाही. स्टॅन्ली गिबन्सचा किंवा माणिक जैन यांचा फिला इंडिया हा कॅटलॉग तिकीट ओळखायला वापर, श्रीमंत व्हायला नको. घराघरांतल्या आल्बममध्ये दिसणारी नाशिक छापखान्याची तिकिटं लाखोंनी छापली गेली. 1952 च्या संतकवींच्या मालेतली तिकिटं दिसायला देखणी आहेत, मला फार आवडतात, पण त्यावर फ्लॅट येणार नाही. 21 नोव्हेंबर 1947 ला निघालेलं तिरंग्याचं साडेतीन आण्यांचं, 'जय हिंद' लिहिलेलं, तेही पुष्कळांकडे आहे.

पाहायची वस्तू आहे ती गांधीजींची 1948 ची माला. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी निघाली, छपाई स्वित्झर्लंडला कुर्व्हाझिएकडे झाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं. दहाचं दादाकडे होतं, मी पाहिलेलं आहे, डिंकासकट. ते उघड्या पानावर असेल तर चिमट्याने आम्लमुक्त पाकिटात घाल आणि पाकीट जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेव. त्यावर 'सर्व्हिस' असं छापलेलं निघालं तर हुरळून जाऊ नकोस. सरकारी वापरासाठीची खरी तशी फारच थोडी आहेत, आणि खोटे ठसे मारलेली भरपूर. अशा वेळी एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. तपासणी करून लेखी प्रमाणपत्र देणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे द्यायचं आणि देताना पुढून-मागून फोटो काढून पोच घ्यायची. आणि तू काढलेल्या पानांच्या फोटोंची एक प्रत मला पाठव, कोणत्या पानाखाली काय आहे ते मी फोनवर सांगते. दुपारी चारनंतर कर फोन, त्याआधी मी झोपलेली असते.