'लॉपसायडेड' : अर्थ, व्युत्पत्ती आणि मराठी पर्यायांचा प्रश्न

इंग्रजी समीक्षेतील परिभाषा मराठीत आणताना 'लॉपसायडेड' या विशेषणासाठी 'एकांगी', 'एकतर्फी' व 'असंतुलित' हे तीन पर्याय सर्रास योजले जातात. तिन्ही समानार्थक मानले गेल्याने मूळ शब्दातील नेमकी छटा हरवते. त्या छटेचा उगम शब्दाच्या व्युत्पत्तीत आहे.

हा शब्द जहाजबांधणीच्या व्यवसायातला. १७११ च्या सुमारास तो 'लॅपसायडेड' या रूपात आढळतो. ज्या जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जड असून ते सरळ तरंगत नाही, असे जहाज, हा त्याचा मूळ अर्थ. 'लॉपसायडेड' हे रूप पुढे रूढ झाले. यातील 'लॉप' म्हणजे सैलपणे लोंबणे. कान खाली लोंबणाऱ्या सशाच्या इंग्रजी नावातही तेच पद आहे. फांद्या छाटणे या अर्थाचे 'लॉप' हे क्रियापद निराळे मानले जाते. त्यामुळे 'एक बाजू छाटलेले' ही सहज सुचणारी उपपत्ती, कितीही पटण्याजोगी वाटली तरी, त्याज्य ठरते.

भेद केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा नाही. छाटलेल्या वस्तूला एक बाजू नसते. कललेल्या जहाजाला दोन्ही असतात, भार तेवढा विषम असतो. 'एकांगी' शब्दात दुसऱ्या अंगाचा अभाव सूचित आहे. 'एकतर्फी'तील 'तर्फ' अरबीतून फारसीमार्गे आलेली; न्यायालयातील 'एकतर्फी निकाल' प्रतिपक्षाच्या गैरहजेरीत दिला जातो. एखाद्या कादंबरीत ग्रामजीवन व नगरजीवन दोन्ही आहेत, परंतु लेखकाचे सारे बळ पहिल्यावरच खर्ची पडले आहे, अशा कृतीला 'एकांगी' म्हणणे म्हणजे तिच्यात जे आहे तेच नाकारणे होय. हा दोष अभ्यासकांच्या प्रबंधांतही वारंवार दिसतो.

'असंतुलित' त्या मानाने जवळचा, पण त्याची प्रतिमा वेगळी. 'तुल्' म्हणजे तोलणे. त्यावरून तुला, संतुलन. इंग्रजी 'बॅलन्स'चे मूळही लॅटिनमधील दोन पारड्यांच्या तराजूतच आहे. म्हणजे 'असंतुलित' हा 'अनबॅलन्स्ड'चा प्रतिशब्द झाला. तराजूची दांडी कलते ती मोजमापासाठी, तिला बुडण्याचे भय नाही, जहाजाला आहे.

मराठीला ही जाणीव अपरिचित नाही. मागे अधिक ओझे भरलेली बैलगाडी 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते आणि फास बैलाच्या गळ्याला बसतो. मात्र हा तोल मागचा-पुढचा, डाव्या-उजव्याचा नव्हे. बाजूच्या झुकावासाठी 'कलणे' आहेच. भिंत कलते, नाव कलते, दुपार कलते, मनाचाही कल असतो. 'एका बाजूला कललेली मांडणी' हा पर्याय शब्दसंख्येने लांब असला तरी अर्थाने अचूक आहे. एकाच शब्दाचा आग्रह असल्यास 'विषमभार' योजता येईल. तो संस्कृतप्रचुर वाटेल, परंतु दोन्ही बाजूंचे अस्तित्व तो नाकारत नाही. क्रीडावृत्तातील विजयाला मात्र 'एकतर्फी' हाच शब्द आता इतका रुळला आहे की तेथे बदल सुचविण्यात अर्थ नाही.