‘एफ’ कॉर्ड वाजत का नाही?



गेल्या पावसाळ्यात अकरावीतील एक विद्यार्थी प्रयोगशाळेत येऊन म्हणाला, “सर, गिटार विकून टाकतोय. माझ्या बोटांत जोरच नाही.” चार महिने तो शिकत होता. सी, जी, ए मायनर जमल्या होत्या. पण एफ आली की तारा नुसत्या थडथडत. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गिटार हाती घेऊन मीही नेमका येथेच अडलो होतो, त्यामुळे त्याचे दुःख मला परके नव्हते. तथापि ‘बोटांत जोर नाही’ हा निष्कर्ष त्याने मोजमाप न करताच काढला होता. म्हणून म्हटले, “उद्या गिटार घेऊन ये. आधी मोजू, मग विकू.”

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या स्वरांचा मेळ. एफसाठी तर्जनी पहिल्या पडद्याजवळ सहाही तारांवर आडवी टेकवतात आणि उरलेली तीन बोटे दुसऱ्या व तिसऱ्या पडद्याजवळ ठेवतात. गिटारची तार दोन ठिकाणी टेकलेली असते : दांडीच्या टोकाशी ‘नट’ नावाच्या खाचांच्या पट्टीवर आणि पेटीवरील घोडीवर. हे अंतर ६५० मिलिमीटर असेल, तर पहिला पडदा नटापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो आणि पाचवा १६३ मिलिमीटरवर.

आता तार खाली दाबली, की तिचे दोन भाग तिरपे होतात आणि दोन्हींतील ताण बोटाला वर रेटतो. जेवढा भाग आखूड, तेवढा त्याचा कोन मोठा, आणि तेवढा हा रेटाही मोठा. खोली थोडी असेल तेव्हा,

बल = ताण × खोली × (१/नटाकडील लांबी + १/घोडीकडील लांबी)

तारेचा ताण ७ किलोग्रॅम-भार धरू. त्या गिटारवर पहिल्या पडद्यापाशी तार १ मिलिमीटर उंच होती. सूत्रात आकडे घाला. बल सुमारे २०० ग्रॅम-भार येते. पाचव्या पडद्यापाशी तार दीड मिलिमीटर उंच, म्हणजे अधिक खोल दाबावी लागणारी. तरी तेथे बल येते अवघे ८६ ग्रॅम-भार! अर्थात नवशिक्याला जी जागा सर्वांत आधी शिकवली जाते, तीच सर्वांत कठीण असते.

तेव्हा बोटांना दोष देण्यापूर्वी नट तपासावी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून धरा व पहिल्या पडद्यावरची फट पाहा. ती कागदाच्या जाडीएवढीच असावी. त्या मुलाच्या गिटारवर ती दुरूनही दिसत होती. नटाच्या खाचा पुरेशा खोल केलेल्याच नव्हत्या. पहिल्या पडद्यापाशी तारेची उंची निम्मी झाली, तर लागणारे बलही निम्मे होते. मात्र कानस घेऊन हे काम स्वतः करू नका. खाच जास्त खोल गेली, तर मोकळी तारच पहिल्या पडद्यावर आपटू लागते. हे काम वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे.

बोटांचा भागही समजून घेऊ. एफमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर बोटे दाबतात. तर्जनीकडे सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्या तीनच तारा उरतात. सहाही तारा तर्जनीनेच आवळण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. बोटाच्या पेरांवरील वळीत तार सापडली, की तिच्यावर दाब येत नाही. म्हणून तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करून तिची हाडाळ कड वापरावी. बोट पडद्याच्या अगदी मागे टेकवावे. सारा जोर अंगठ्याच्या चिमट्याने न लावता कोपर थोडे मागे ओढावे, म्हणजे दंडाचे मोठे स्नायू मदतीला येतात.

सरावही सोप्याकडून कठिणाकडे करावा. हाच आकार पाचव्या पडद्यावर धरला, तर ए कॉर्ड वाजते. तेथे बल कमी लागते, आणि बोटांना ६७ ऐवजी ५३ मिलिमीटरच पसरावे लागते. ती स्वच्छ वाजू लागली, की रोज एकेक पडदा खाली उतरावे.

हे पडताळून पाहायचे असेल, तर शाळेतील सोनोमीटरवर तारेची लांबी ६५ सेंटिमीटर ठेवा व ४ किलोग्रॅमचे वजन लावा. दोऱ्याने कागदी पारडे आधी एका टेकूपासून ३.६ आणि मग १६.३ सेंटिमीटरवर टांगा. तार १ मिलिमीटर खाली येण्यास दोन्ही ठिकाणी किती वजन लागते? सूत्राप्रमाणे ही वजने सुमारे ११८ व ३३ ग्रॅम यावीत. तारेच्या ताठपणामुळे पहिला आकडा थोडा अधिक आल्यास नवल नाही.

त्या मुलाची गिटार दुरुस्त होऊन आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याने प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून एफ वाजवली. सहाही तारा बोलल्या. बोटे तीच होती.