शेगडी घरी ठेव

काल रात्री फोनवर तू यादी वाचून दाखवलीस, तेव्हाच बोलणार होते. पण मागे सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून गप्प बसले. आता निवांत लिहिते. दोन किलो थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तुपाची बरणी, चिवडा, विजेची शेगडी आणि वर छोटा कुकर! अगं, केरळात अलेप्पीला हाउसबोटीवर चालली आहेस तू. एवढं सगळं नेलंस तर स्वयंपाकघर तुझ्या मागोमाग पाण्यावर येईल आणि तिथेही तू ओट्यापाशीच उभी राहशील. लग्नाला अकरा वर्षं झाली तुझ्या. या अकरा वर्षांत तुला कुणी गरम पोळी ताटात वाढली, असं मी तरी पाहिलेलं नाही.

शेगडी घरी ठेव. हक्काने सांगते. हाउसबोटीवर स्वयंपाकी असतो आणि जेवणखाण बहुतेक भाड्यातच धरलेलं असतं. दुपारचं जेवण, चारच्या सुमारास चहा आणि पिकल्या केळ्यांची भजी, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. सासऱ्यांना तिखट सोसत नाही, सासूबाईंची चतुर्थी कधी येते, हे बुकिंग करतानाच सांग. बोटीवर चढल्यावर स्वयंपाक्याला पुन्हा एकदा समोर उभं राहून सांग, कारण ऑफिसात सांगितलेलं बोटीपर्यंत पोचतंच असं नाही. तिकडचा मट्टा तांदूळ लालसर आणि जाड असतो, आपल्या तळकोकणातल्या उकड्या तांदळाच्या जवळचा. मला फार आवडतो. सासऱ्यांना मऊ पांढरा भातच लागतो, तेवढं मात्र आठवणीने सांगून ठेव. आणि करीमीन खा. गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात, तोच मासा. मसाला माखून, केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजतात. त्याला काटे असतात. पोरांना ते तू निवडून देत बसू नकोस, त्यांच्या बाबांना देऊ दे.

मी एवढं ठासून का सांगते आहे? आमची पहिली खेप आठव. नाताळची सुट्टी होती. फोटो बघून बोट ठरवली आणि पूर्ण पैसे आधीच भरून मोकळे झालो. धक्क्यावर गेलो तर म्हणाले, ती बोट दुरुस्तीला गेली आहे, ही घ्या. ती चार खोल्यांची, दुसऱ्या दोन कुटुंबांसोबत वाटून घ्यायची, वरच्या मजल्यावर मोठ्या आवाजात गाणी. संध्याकाळी साडेपाचला बोट काठाला लागली ती दहा-बारा बोटींच्या रांगेत, एकीच्या कडेला दुसरी, एस. टी. स्टँडवर गाड्या लागतात तशी. रात्रभर जनरेटरची घरघर, डिझेलचा वास. आईची अर्धशिशी उठली. तिला बाम चोळत मी त्या खोलीत बसले आणि तिला कळू न देता रडले. आयुष्यात पहिल्यांदा आईला फिरायला नेलं होतं गं, आणि असं झालं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये एवढंच मला वाटतं.

म्हणून काही गोष्टी ठरवायच्या आधी विचार, आणि उत्तरं फोनवर नको, लिहून माग. आपल्याला मिळणार ती नेमकी बोट कोणती, तिचा नोंदणी क्रमांक काय, त्याच बोटीचे फोटो. एसी कधी चालू असतो, हेही विचार. साध्या दराच्या बोटींवर तो बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो, आणि दुपारी खोलीत पडायचं मनात धरून गेलेल्या माणसांचा तिथे हिरमोड होतो. रात्री बोट कुठे बांधणार, हे तर विचारायलाच हवं. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की बोट रात्रभर पाण्यातून चालत राहते. तसं नसतं. दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला बांधतात आणि सकाळी नऊला उतरायचं. रात्रीचं पाणी मासेमारांचं. त्यांची जाळी पसरलेली असतात, त्यावरून बोटी न्यायच्या नाहीत. मला हा नियम फार आवडतो. मुद्दा एवढाच की काठ कुठला ते आधी ठरवून घ्यायचं. गावाच्या कडेला, भातशेताच्या बांधाला, एकटी बोट बांधायला सांग. थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील.

आणि लाइफ जॅकेट. पोरांच्या मापाची आहेत का, हे चढायच्या आधी डोळ्यांनी बघ. मोठ्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटून वर येतं, त्याचा उपयोग नाही. २०२३ च्या मे महिन्यात केरळातच, मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, त्यांत किती लहान मुलं होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. तुला घाबरवायला सांगत नाही. पण कुणी म्हणालं की ‘चार माणसं जास्त बसली तर काय होतं’, तर तिथून उठून ये. सासरे काय म्हणतील, पैसे बुडतील, याचा विचार करत बसू नकोस.

आता बोटीवरच्या रात्रींबद्दल. चार दिवस बोटीवर काढायचे म्हणतेस, ते नको. पोरं दुसऱ्या दिवशी कंटाळतात, कारण मोठ्या बोटीला मोठ्या पाण्यातूनच जावं लागतं. एक रात्र हाउसबोट पुरे. पुढच्या दोन रात्री काठावरच्या एखाद्या घरात राहा. कैनकरी, नेडुमुडी या भागात लोक आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. तिथून पहाटे छोटी होडी घ्यायची, वल्ह्यांची, इंजिनाची नाही. तिच्यातून अरुंद कालव्यांत शिरता येतं. दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घराच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, कुणी भांडी घासतंय, कुणी दात घासतंय, शाळेत निघालेली पोरं होडीची वाट बघत उभी. ते त्यांचं अंगण आहे हे मनात ठेव. कुणी आंघोळीला उतरलं असेल तर फोन खाली ठेवायचा. पोरांनाही सांगून ठेव.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हे सगळं शिकून गेलो होतो. बोट बांधाला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. आई पुढच्या बाजूला वेताच्या खुर्चीत बसली होती. एकदम म्हणाली, ‘अगं, शेत खाली आहे आणि आपण वर!’ खरंच तसं होतं. एका हाताला कालवा भरलेला, दुसऱ्या हाताला बांधापलीकडे हिरवं भाताचं शेत, पाण्याच्या पातळीहून पुरुष-दीड पुरुष खोल. शेतात काम करणाऱ्या बाईचं डोकं आमच्या पावलांच्या खाली दिसत होतं. हे कुट्टनाड. समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती होते अशी जागा. वेंबनाड तळ्यातला गाळ उपसून माणसांनी बांध घातले, आतलं पाणी उपसून बाहेर टाकलं आणि तळाच्या जमिनीत भात लावला. अजूनही पेरणीआधी पंप लावून पाणी बाहेर काढावं लागतं. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान दिला. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘आपली खारजमीन तरी दुसरं काय?’ आजोबांच्या शेताचा खाडीकडचा बांध, उधाणाला फुटायचा तो, तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. पूर्ण तासभर आई त्या बांधाबद्दल बोलत होती. आजी रात्री कंदील घेऊन भगदाड बुजवायला जायची, हे मी पन्नाशीजवळ आल्यावर पहिल्यांदा ऐकलं. घरी आईला बोलायला वेळ असतो, पण आपण कुठे बसतो तिच्यापाशी? तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून बसलो.

एक गोष्ट मुद्दाम बघ. बोट शांत असताना तांडेलाला विनव आणि लाकडी सांगाडा आतून दाखवायला सांग. या बोटींना मूळ नाव केट्टुवल्लम, म्हणजे बांधलेली होडी. जुन्या पद्धतीत खिळा मारत नाहीत. आंजिली म्हणून फणसाच्या जातीचं झाड असतं, त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवतात, फटींत नारळाचा काथ्या ठासतात आणि वरून काजूच्या टरफलांचं तेल चोपडतात. दाखवणाऱ्याने माझा हात धरून एका टाक्यावर ठेवला. दोरी बोटाएवढी जाड, काळी पडलेली, गुळगुळीत, गोधडीला घालतो तसे एकासारखे एक टाके. रस्ते नव्हते तेव्हा याच होड्यांतून भात आणि काथ्या कोचीच्या बाजाराला जायचा. ट्रक आले आणि होड्या काठाला पडून राहिल्या. १९९० नंतर त्यांवर बांबूचं छत चढवून खोल्या केल्या आणि त्या पर्यटकांसाठी पुन्हा पाण्यात उतरल्या. आता पुष्कळ बोटी नव्याने बांधलेल्या असतात. म्हणून जुनी शिवलेली बोट मिळते का, हेही विचारून बघ.

सासूबाईंना देवदर्शन हवंच असेल. अलेप्पीपासून चौदा किलोमीटरवर अंबलप्पुळ्याचं कृष्णाचं देऊळ आहे. तिथलं पालपायसम, म्हणजे दुधातली तांदळाची खीर, प्रसाद म्हणून मिळतं. लवकर जा, संपतं.

पोरांसाठी मात्र माझा सगळ्यात लाडका सल्ला वेगळाच आहे. अलेप्पीच्या धक्क्यावरून सरकारी जलवाहतूक खात्याची बोट पकडा आणि कोट्टायमला जा. अडीच तासांचा प्रवास आणि तिकीट अगदी किरकोळ. लाकडी बाकं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, बाजारातून परतणारे म्हातारे, दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी दाराशी थांबा. थांबताना उडी मारून दोर बांधणारा माणूस बघून माझ्या धाकट्याने आठवडाभर घरातल्या खुर्च्यांना दोर बांधले होते. हजारो रुपयांच्या हाउसबोटीपेक्षा त्याला तीच बोट आठवते.

मे महिन्यात जाऊ नकोस. सुट्टी तेव्हा असते हे मला कळतं, पण उकाडा फार आणि कापणी होऊन शेतं मोकळी पडलेली असतात. दिवाळीत दुपारनंतर पाऊस गाठतो. नाताळात गर्दी आणि भाडी, दोन्ही चढलेली. जानेवारीत, संक्रांत झाली की जा. भात तेव्हा चांगलं वर आलेलं असतं आणि सकाळी पाण्यावर धुकं असतं. शाळा चार दिवस बुडाली तर बुडू दे.

पाणी मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. कालव्यांत जलपर्णी दाटलेली दिसेल. उन्हाळी पिकात समुद्राचं खारं पाणी शिरू नये म्हणून वेंबनाड तळ्यावर बंधारा घातला आहे. तो बंद असला की पाणी हलत नाही, मग ही वनस्पती फोफावते. त्यात शेकडो बोटींचा मैला आणि तेल. त्याच पाण्याच्या काठावर त्या बायका भांडी घासतात. म्हणून बोट ठरवतानाच विचार की संडासाचं पाणी टाकीत साठवतात की तसंच सोडतात. नीट उत्तर दिलं नाही तर ती बोट नको. चिवड्याच्या पिशव्या परत आणायच्या, हे तर तू न सांगता करशील.

सामानात पिण्याच्या पाण्याच्या घरच्या बाटल्या, डासांचं मलम, सुती कपडे, पोरांच्या टोप्या, सासऱ्यांची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत विभागून. पत्त्यांचा जोड घे. भाजणी नेऊ नकोस. फार तर मेतकुटाची एक पुडी ने, सासूबाईंचा जीव राहावा म्हणून.

विमानाने कोचीला उतरण्यापेक्षा कुर्ल्याहून नेत्रावती एक्स्प्रेस बघ. कोकणातून खाली उतरत ती थेट अलेप्पीलाच जाते, गाडी बदलायची भानगड नाही. काल तुझा फोन ठेवल्यावर आई बराच वेळ खिडकीपाशी बसली होती. सकाळी चहा घेताना म्हणाली, तिलाही यायचंय. तिसऱ्यांदा. तिकिटं काढताना खालचा एक बर्थ जास्त धर.