उच्च शिक्षणातील यंत्रसाधने : सोय कोणाची?

बेंगळुरूच्या दक्षिण भागात जयनगर ही वसाहत आहे. तिची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. घरे उभी राहण्यापूर्वी तिचे विभाग व रस्ते कागदावर आखले गेले. नगररचनेचे एक साधे तत्त्व येथे ध्यानात येते. रस्ता आधी आखला, तर त्याचा भार कोणावर पडत नाही. घरे बांधून झाल्यावर तो काढावयाचा म्हटले, तर भिंती पाडाव्या लागतात. महाविद्यालयांत संगणक व तत्सम साधने आणताना हेच तत्त्व लागू पडते. कोणाकोणास शिकावयाचे आहे, याचा विचार साधन निवडतानाच झाला पाहिजे.

अडथळा कोठे असतो?

जयनगरातील एखाद्या महाविद्यालयात बेळगावकडून एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आली आहे, असे समजा. ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली वापरते. अशा आज्ञावलींपैकी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य मिळते. मायकेल करन व जेम्स टे या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांनी २००६ मध्ये तिचे काम आरंभिले. तेव्हा पैशाची अडचण येथे मुख्य नव्हे. तरीही पूर्वीच्या शिक्षकांनी पाठविलेली पदार्थविज्ञानाची मराठी टिपणे उघडताच तिला केवळ निरर्थक ध्वनी ऐकू येतात. असे का व्हावे?

संगणक अक्षराची आकृती ओळखत नाही. तो अक्षरामागील क्रमांक ओळखतो. १९९१ मध्ये ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीने देवनागरीस १२८ स्वतंत्र स्थाने दिली. तत्पूर्वीचे अनेक टंक मात्र रोमन अक्षराच्याच क्रमांकावर देवनागरी आकृती बसवीत. ‘कृतिदेव’ टंकात ‘मराठी’ हा शब्द उमटविला, तर डोळ्यांस तो शुद्ध दिसतो. परंतु संगणकाच्या लेखी तेथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. वाचक आज्ञावली तीच उच्चारते. कन्नडमधील ‘नुडी’च्या जुन्या टंकांतील मजकुराचीही हीच गत होते. पुस्तकाच्या पानाचे केवळ छायाचित्र दिले असेल, तर त्यात अक्षरे नसतातच, आणि आज्ञावली मूक राहते.

विद्यार्थिनीच्या बुद्धीत येथे काही उणे नाही. अडथळा टिपणात आहे, आणि टिपण करणाऱ्याने तो नकळत निर्माण केला आहे. मात्र अडथळा नकळत निर्माण झाला, म्हणून त्याची जबाबदारी टळत नाही.

यंत्राची परीक्षा

दुसरे उदाहरण परीक्षेचे घेऊ. २०२० च्या महासाथीच्या काळात घरबसल्या परीक्षा घेण्याची पद्धत रूढ झाली. कित्येक ठिकाणी परीक्षार्थीचा चेहरा व दृष्टी यांवर संगणकाची नजर ठेवण्यात आली. अशा यंत्रास काही नमुने दाखवून ‘योग्य’ वर्तन शिकविलेले असते. ज्याची दृष्टी स्थिर राहत नाही, जो वारंवार हालचाल करतो, किंवा ज्याच्या घरी एकाच खोलीत पाच माणसे वावरतात, त्याच्यावर यंत्र संशय घेऊ शकते.

यंत्राचा निर्णय निःपक्षपाती असतो, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. जॉय बुओलामविनी व टिम्निट गेब्रू या संशोधिकांनी २०१८ मध्ये, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरविणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते. सावळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. हा प्रयोग परीक्षेचा नव्हता. तथापि त्यापासून घ्यावयाचा धडा परीक्षेसही लागू आहे. सरासरीने उत्तम ठरणारे यंत्र एखाद्या गटास सातत्याने अन्याय करू शकते. म्हणून यंत्राने संशय दर्शविला, तरी निर्णय माणसाने करावा, आणि विद्यार्थ्यास आपली बाजू मांडण्याची संधी असावी.

दया नव्हे, हक्क

या गोष्टी शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडून देण्याजोग्या नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राखीव आहेत. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, परीक्षेत लेखनिक मिळण्याचा हक्क ४० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरताच मर्यादित ठेवता येणार नाही. तो खटला लिहिताना हाताचे स्नायू आखडणाऱ्या एका उमेदवाराचा होता. पुस्तके दिव्यांगांस वापरता येतील अशा रूपात उतरविण्यास २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वामित्वहक्काचा कायदाही आड येत नाही. याच उद्देशाच्या माराकेश करारास २०१४ मध्ये भारताने सर्व राष्ट्रांत प्रथम अनुसमर्थन दिले.

जागा मिळाली, परंतु टिपण वाचता आले नाही, तर त्या जागेचा उपयोग काय? हक्काची सांगता प्रवेशाने होत नाही. तेथे त्याचा प्रारंभ होतो.

शिक्षकाने काय करावे?

टिपणे युनिकोडमध्ये लिहावीत. प्रत्येक आकृतीखाली तिचे शब्दांत वर्णन द्यावे. फळ्यावर लिहिताना तेच मोठ्याने म्हणावे. ध्वनिचित्रफितीबरोबर लिखित मजकूर द्यावा. यांचा लाभ केवळ दिव्यांगांस होतो असे नाही. मागल्या बाकावरील, नुकतेच इंग्रजी माध्यमात आलेले, किंवा आजारपणामुळे तास बुडालेले विद्यार्थीही त्यांचा उपयोग करतात.

अभ्यासार्थ

१. आपल्या विषयाचे एक टिपण संगणकावर उघडा व त्यातील एखादा शब्द शोधून पाहा. डोळ्यांस दिसणारा शब्द यंत्रास सापडत नसेल, तर त्याचे कारण काय असावे?

२. आपल्या महाविद्यालयात गेल्या वर्षी कोणते नवे साधन आले? ते निवडताना कोणत्या विद्यार्थ्यांस विचारले होते, आणि कोणास विचारावयाचे राहून गेले?